धनराज पिल्ले: सारखे विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं धनराजबद्दल मी अधूनमधून लिहितो आणि प्रत्येक वेळी खाली तेच तेच प्रश्न येतात. काही शाळेतल्या पोरांचे असतात, काही स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांचे, काही जुन्या हॉकीवाल्यांचे. म्हणून सगळे एका जागी घेतलेत. एका उत्तरात आलेलं दुसरीकडे परत लिहिलेलं नाही, तिथे फक्त प्रश्नाचा नंबर दिलाय.

१. धनराज पिल्ले कोण, एकदम थोडक्यात सांगा.

भारताच्या हॉकी टीमचा फॉरवर्ड आणि कॅप्टन. जन्म १६ जुलै १९६८, पुण्याच्या खडकीत. डिसेंबर १९८९ ते ऑगस्ट २००४ अशी जवळपास पंधरा वर्षं देशाकडून खेळला, एकूण ३३९ आंतरराष्ट्रीय मॅच. त्याच्या कॅप्टनशिपखाली भारताने १९९८ चं एशियन गेम्स गोल्ड आणि २००३ चा एशिया कप जिंकला. नव्वदच्या दशकात ज्या घरात हॉकीचं दुसरं कुठलंच नाव माहीत नव्हतं त्या घरातही हे एक नाव माहीत होतं.

२. आडनाव तमिळ आहे, मग तो आपला कसा?

घर तमिळच. वडील नागलिंगम, आई अंदालम्मा. पण जन्म खडकीचा, वाढला खडकीत, आणि मराठी आपल्यासारखंच बोलतो, पुण्याच्या पेठांतलं नाही तर कॅन्टोन्मेंटच्या बाजूचं, ज्यात हिंदी मधूनमधून येत राहते. खडकी-दापोडीला राहिलेल्या माणसाला यात काहीच नवीन वाटणार नाही, तिथे एका चाळीत तमिळ, तेलुगू, मराठी, ख्रिश्चन, मुसलमान सगळी घरं शेजारी शेजारी असायची आणि पोरं मैदानावर एकाच भाषेत भांडायची. त्यामुळे "आपला" की "त्यांचा" हा प्रश्न खडकीत तरी कोणी विचारत नाही.

३. पिल्ले, पिल्लै की पिल्लाय? बरोबर काय लिहायचं?

मराठी पेपरांनी सुरुवातीपासून "पिल्ले" लिहिलं म्हणून मीही तेच लिहितो. हिंदीत "पिल्लै" दिसतं. माणूस एकच.

४. खडकीसारख्या ठिकाणी हॉकी आली कुठून?

लष्करामुळे. ब्रिटिशांच्या काळापासून खडकी ही छावणी, बॉम्बे सॅपर्सचं मुख्यालय इथलंच, शिवाय दारूगोळ्याचे कारखाने. जिथे पलटण तिथे मैदान आणि जिथे मैदान तिथे हॉकी, हे देशभर झालंय. फौजी खेळायचे, त्यांचं बघून कारखान्यातले कामगार खेळायला लागले आणि कामगारांची पोरं कडेला उभी राहून बॉल आणून द्यायला लागली. धनराजचे वडील ऑर्डनन्स फॅक्टरीच्या मैदानाची निगा राखायचे, घरही स्टाफ कॉलनीत, म्हणजे या पोराच्या बाबतीत घर आणि मैदान यात अंतर असं नव्हतंच.

५. मोडक्या स्टिकने खेळायचा ही गोष्ट खरी आहे की नंतर रंगवून सांगतात?

खरी आहे. घरात पाच मुलगे, पगार एकाचा. मुलाचं नाव धनराज ठेवलं तेसुद्धा आता तरी घरात पैसा येईल या आशेने. नवीन स्टिक घेणं परवडण्यासारखंच नव्हतं, त्यामुळे मोठ्यांनी टाकून दिलेल्या तुटक्या स्टिका आणि झिजलेले बॉल यावरच सगळे भाऊ शिकले. आई मात्र म्हणायची खेळा, पाचही जणांना म्हणायची, आणि त्या काळात त्या परिस्थितीतल्या आईने असं म्हणणं ही किती मोठी गोष्ट आहे हे आपल्याकडच्या आयांना विचारा.

मोडकी स्टिक म्हणजे काय हे ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. स्टिक बहुतेक वेळा खालच्या वाकड्या भागाच्या जरा वर चिरते. मग त्या चिरेवर फेविकॉल भरायचा, सुतळीने करकचून आवळायचं, वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळायची आणि रात्रभर वीट ठेवून द्यायची. आमच्याकडे तरी असंच करायचे. अशा स्टिकने जोरात मारलं की हाताला झिणझिण्या येतात आणि चीर परत उघडते, म्हणून पोरं जोरात मारायचं टाळतात आणि बॉल स्टिकला चिकटवून पळवायला शिकतात. धनराजचा खेळ आठवून बघा, मोठे फटके कमी आणि बॉल कायम स्टिकजवळ. हा माझा अंदाज आहे पण मला तो पटतो.

६. त्याचा आदर्श कोण होता? ध्यानचंद का?

मोहम्मद शाहिद. बनारसचा, १९८० च्या मॉस्को ऑलिम्पिकमध्ये गोल्ड जिंकलेल्या टीममधला, ड्रिबलिंगचा बादशहा. धनराज लहानपणी खडकीच्या धुळीत त्याचीच नक्कल करायचा. दोघांचा खेळ बघितलेले लोक सांगतात की शाहिद समोरच्याला उभ्या जागी फसवायचा, धनराज तेच पळता पळता करायचा.

७. मग खडकीतून इंडियाच्या टीमपर्यंत पोचला कसा?

मोठ्या भावामुळे. रमेश पिल्ले आधीच मुंबईत आरसीएफ या खत कंपनीच्या टीमकडून खेळत होता आणि भारताकडूनही खेळून झाला होता. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर धनराज त्याच्याकडे मुंबईला गेला. पुढे महिंद्र अँड महिंद्रच्या टीममध्ये आला आणि तिथे त्याला जोकिम कार्व्हालो भेटले, स्वतः भारताकडून खेळलेले. आपल्या घडण्याचं श्रेय धनराज त्यांना देत आलाय.

ही कंपन्यांची हॉकी नवीन पोरांना माहीत नसते म्हणून जरा सांगतो. तेव्हा लीग नव्हती, करोडोंची बोली नव्हती. रेल्वे, बँका, एअरलाइन्स, महिंद्र, टाटा, आरसीएफ यांच्या टीम असायच्या, खेळाडूला नोकरी मिळायची, महिन्याला पगार यायचा आणि मुंबईच्या मैदानावर त्यांच्या आपसात मॅच व्हायच्या. गरीब घरातल्या पोराला हॉकी खेळत राहता येईल असा रस्ता म्हणजे ही नोकरी. ती नसती तर बाकी काहीच झालं नसतं. धनराज नंतर इंडियन एअरलाइन्समध्ये गेला.

८. देशाकडून पहिली स्पर्धा कुठली?

डिसेंबर १९८९, दिल्लीतला एशिया कप. तेव्हा वय २१. फायनलला पाकिस्तानकडून हरलो, सिल्व्हर मिळालं.

९. कुठल्या पोझिशनला खेळायचा आणि त्याच्या खेळात एवढं काय होतं?

फॉरवर्ड. पण एका जागी उभा राहून बॉलची वाट बघणारा नाही, मागे येऊन स्वतः बॉल घेऊन जाणारा.

हॉकी न खेळलेल्यांना एक गोष्ट समजावतो म्हणजे बाकी सगळं समजेल. हॉकी स्टिकला एकच बाजू सपाट असते, दुसरी गोल, आणि गोल बाजूने बॉलला लावलं की फाऊल. म्हणजे बॉल उजवीकडून डावीकडे न्यायचा तर सोपं आहे, पण डावीकडून परत उजवीकडे आणायचा तर मनगट फिरवून स्टिक उलटी करावी लागते. हे उभ्याने कोणालाही जमतं. फुल स्पीडमध्ये, समोर दोन डिफेंडर, मान वर, आणि तेव्हा मनगट फिरवायचं हे फार थोड्यांना जमतं. धनराजला जमायचं, आणि स्पीड कमी न करता जमायचं, हीच त्याची खरी ताकद. डिफेंडरला वाटायचं आता हा थांबेल, आणि तो थांबायचाच नाही. मग एकतर तो डीमध्ये (गोलसमोरच्या अर्धगोलात) घुसायचा नाहीतर त्याला पाडावं लागायचं आणि आपल्याला पेनल्टी कॉर्नर, म्हणजे गोल करायची आयती संधी, मिळायचा. असे मिळवलेले कॉर्नर कुठल्याच रेकॉर्डमध्ये त्याच्या नावावर लिहिलेले नाहीत.

१०. "चार-चार-चार-चार" म्हणजे काय?

चार ऑलिम्पिक (१९९२ बार्सिलोना, १९९६ अटलांटा, २००० सिडनी, २००४ अथेन्स), चार वर्ल्ड कप (१९९० लाहोर, १९९४ सिडनी, १९९८ उट्रेक्ट, २००२ क्वालालंपूर), चार चॅम्पियन्स ट्रॉफी (१९९५, १९९६, २००२, २००३) आणि चार एशियन गेम्स (१९९० बीजिंग, १९९४ हिरोशिमा, १९९८ बँकॉक, २००२ बुसान). या चारही स्पर्धा प्रत्येकी चार वेळा खेळलेला एकमेव खेळाडू म्हणून त्याचं नाव घेतात.

यात एक घोळ नेहमी होतो. "चार ऑलिम्पिक खेळलेला एकमेव भारतीय हॉकीपटू" असं काही ठिकाणी लिहिलेलं असतं, ते चूक. लेस्ली क्लॉडियस आणि उधम सिंग त्याच्या कितीतरी आधी चार खेळले, आणि अलीकडे श्रीजेश आणि मनप्रीतही चार खेळले. वेगळेपण आहे ते चारही स्पर्धांच्या बेरजेत. हॉकीची चॅम्पियन्स ट्रॉफी २०१८ नंतर बंदच झाली, त्यामुळे नव्याने कोणी हे जमवेल असंही आता नाही.

११. एवढ्या वेळा कॅप्टन म्हणतात, मग ऑलिम्पिकमध्ये कॅप्टन कधी होता?

कधीच नाही. हे वाचून खूप लोकांना धक्का बसतो आणि परीक्षेतही इथेच फसतात. १९९२ आणि १९९६ ला परगट सिंग कॅप्टन, २००० ला रमणदीप सिंग, २००४ ला दिलीप तिर्की. धनराज चारही वेळा टीममध्ये होता पण कॅप्टन म्हणून नाही. त्या काळात कॅप्टनशिप कोणाकडेच सलग राहायची नाही, एका दौऱ्याला एक, पुढच्याला दुसरा, असं चालायचं. त्याच्या कॅप्टनशिपची ओळख आहे ती दोन गोल्डवर, बँकॉक (प्रश्न १२) आणि क्वालालंपूर (प्रश्न १७).

१२. बँकॉकच्या १९९८ च्या गोल्डचं एवढं का सांगतात? एशियन गेम्स तर आपण आता जिंकतोच.

आता जिंकतो. तेव्हा नव्हतो जिंकत. त्याच्या आधीचं एशियन गेम्सचं हॉकी गोल्ड १९६६ चं, तेही बँकॉकलाच. मधे ३२ वर्षं गेली. या ३२ वर्षांत पाकिस्तान आणि नंतर कोरिया आपल्याला फायनलमध्ये हरवत राहिले, १९९० आणि १९९४ ला धनराज स्वतः सिल्व्हर घेऊन परतला होता. आणि १९९८ साल तसं वाईटच चाललं होतं, त्याच वर्षी उट्रेक्टच्या वर्ल्ड कपला आपण नववे आलो होतो. कोणाला फार आशा नव्हती.

कोच होते एम. के. कौशिक. फायनल दक्षिण कोरियाशी. मॅच बरोबरीत सुटली, पेनल्टी स्ट्रोकवर गेली आणि तिथे आपला गोलकीपर आशिष बल्लाळ भिंतीसारखा उभा राहिला. मला त्या वेळचा धनराजचा चेहरा आठवतो, केस घामाने कपाळाला चिकटलेले, हसतोय का रडतोय कळत नव्हतं. तेव्हा तो तिशीत होता आणि दहा वर्षं यासाठी पळत होता.

पुढचं गोल्ड यायला परत १६ वर्षं लागली, २०१४ ला इंचॉनमध्ये. यावरून समजा बँकॉक काय होतं ते.

१३. म्हणजे आत्तासारखं शूटआउट झालं होतं का?

नाही, आणि हे बघताना लक्षात ठेवा. आत्ताच्या शूटआउटमध्ये खेळाडू लांबून बॉल घेऊन पळत येतो, आठ सेकंद असतात, कीपरला चुकवून गोल करायचा. १९९८ ला पेनल्टी स्ट्रोक असायचे, म्हणजे गोलपासून ६.४० मीटरवर बॉल ठेवलेला, समोर फक्त कीपर, एकच पुश. मॅचही तेव्हा ३५-३५ मिनिटांच्या दोन हाफची, आत्तासारखे १५ मिनिटांचे चार क्वार्टर नाहीत. क्वार्टरमुळे मधे तीनदा दम खाता येतो, तेव्हा सलग ३५ मिनिटं जायची. धनराजचा स्टॅमिना आत्ताच्या खेळाडूंशी लावून बघणाऱ्यांनी हे धरायला हवं.

१४. गोल्ड जिंकल्यावर त्याला टीममधून काढलं हे खरं आहे का? असं कोण करतं?

झालंय हे. बँकॉकवरून परत आल्यावर पुढच्या मालिकेसाठी टीम निवडली त्यात धनराज नव्हता, आणखी काही सीनियरही नव्हते. फेडरेशनने, म्हणजे देशाची हॉकी चालवणाऱ्या संघटनेने, कारण दिलं की खेळाडू दमलेत, त्यांना विश्रांती दिली आहे. पण सगळीकडे बोललं गेलं ते वेगळंच. मॅच फी मिळत नाही, परदेश दौऱ्यावर रोजचा भत्ता नावापुरता मिळतो, हे धनराज उघडपणे बोलला होता आणि त्याचीच ही शिक्षा, असं बहुतेकांचं मत होतं आणि माझंही तेच आहे.

मला यात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. तो टीममधला सगळ्यात मोठा खेळाडू होता, नोकरी होती, परदेशी क्लबचे पैसे मिळत होते (प्रश्न २०), त्याला गप्प बसणं परवडलं असतं. ज्यांना तोंड उघडायची सोय नव्हती अशा ज्युनिअर पोरांसाठी तो बोलला. कॅप्टन म्हणजे टॉसला जाणारा माणूस एवढंच नाही हे मी त्याच्याकडे बघून शिकलो. नंतर तो टीममध्ये परत आला, कारण त्याच्याशिवाय चालणारच नव्हतं.

१५. सिडनीला नक्की काय झालं? सगळे म्हणतात पोलंडची मॅच, पोलंडची मॅच.

२००० चं सिडनी ऑलिम्पिक. ग्रुपमध्ये आपण ऑस्ट्रेलियाला त्यांच्याच देशात २-२ रोखलं, अर्जेंटिनाला ३-० हरवलं, स्पेनलाही हरवलं, कोरियाकडून मात्र हरलो. शेवटची मॅच पोलंडशी. जिंकलो की सेमीफायनल, आणि १९८० नंतर ऑलिम्पिकच्या सेमीफायनलचं तोंड आपण बघितलं नव्हतं. समोर ग्रुपमधली कमजोर टीम. १-० पुढे होतो. संपायला दोन मिनिटंही उरली नव्हती आणि पोलंडने गोल केला. १-१. संपलं.

आमच्या घरी त्या दिवशी शेजारचे पण बसले होते. गोल झाला तेव्हा कोणी काही बोललंच नाही, माझे काका उठले, टीव्हीचं बटण दाबलं आणि चप्पल घालून बाहेर निघून गेले. चहा तसाच राहिला, त्यावर साय धरली. मी परत टीव्ही लावला तर धनराज रडत होता. ३२ वर्षांचा माणूस, तिसरं ऑलिम्पिक, त्याला माहीत होतं की याच्या जवळ परत येणं होणार नाही. शेवटी आपण सातवे आलो. आमच्या जागेवर सेमीफायनलला गेलेला कोरिया सिल्व्हर घेऊन गेला, हे तर अजूनच लागतं.

१६. ऑलिम्पिक मेडल एकही नाही, वर्ल्ड कप नाही. मग त्याला एवढा मोठा का म्हणायचं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि कधीकधी जरा खोचकपणे येतो. आकडे लपवण्यात अर्थ नाही. ऑलिम्पिकमध्ये सातवे, आठवे, सातवे, सातवे. वर्ल्ड कपमध्ये दहावे, पाचवे, नववे, दहावे. हे सगळं खरं आहे.

पण हे आकडे टीमचे आहेत. ती टीम कुठल्या काळात होती ते बघा. १९७६ च्या मॉन्ट्रियलपासून ऑलिम्पिकची हॉकी टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवतावर गेली आणि आपल्याकडे पोरं पुढची कितीतरी वर्षं माती आणि गवतावरच शिकत राहिली, देशात टर्फ बोटांवर मोजण्याइतके. टर्फवर बॉल जास्त वेगाने येतो, सगळा खेळ फिटनेसचा झाला, युरोप आणि ऑस्ट्रेलिया पुढे निघून गेले. अशा टीममध्ये राहून १९९४ च्या वर्ल्ड कपनंतर वर्ल्ड इलेव्हन (जगातल्या निवडक खेळाडूंची टीम) निवडली गेली त्यात एकच भारतीय होता, धनराज. २००२ ला चॅम्पियन्स ट्रॉफीत प्लेअर ऑफ द टूर्नामेंट कोण, तर धनराज, वय ३४, आणि आपली टीम त्यात चौथी. पहिल्या तिघांत नसलेल्या टीममधला माणूस स्पर्धेतला सर्वोत्तम ठरतो याचा अर्थ काय तो तुम्हीच काढा. मेडल मोजायची असतील तर जुन्या काळातल्या राखीव खेळाडूकडेसुद्धा ऑलिम्पिक गोल्ड सापडेल. धनराज मेडलवर मोजता येत नाही आणि मला ते मोजायचंही नाही.

१७. त्याचा सगळ्यात चांगला काळ कुठला मानता?

लोक बँकॉक म्हणतील. मी २००२-०३ म्हणेन. पस्तिशीकडे आलेला, आणि बाजूला गगन अजित सिंग, दीपक ठाकूर, प्रभज्योत सिंग अशी पोरं, २००१ चा ज्युनिअर वर्ल्ड कप जिंकून आलेली. धनराजने पहिली मॅच खेळली तेव्हा ही पोरं प्राथमिक शाळेत असतील. त्याने खेळ बदलला. आधी स्वतः घुसायचा, आता घुसल्यासारखं करून दोन डिफेंडर ओढायचा आणि बॉल मोकळ्या पोराला सोडायचा.

२००२ ला जर्मनीत कोलोनला चॅम्पियन्स ट्रॉफी (पाकिस्तानकडून ब्राँझची मॅच ३-४ ने गेली, जिव्हारी लागली), त्याच वर्षी बुसानला सिल्व्हर, आणि सप्टेंबर २००३ ला क्वालालंपूरला एशिया कप. फायनलमध्ये पाकिस्तानला ४-२. एशिया कप आपण त्याआधी कधीच जिंकलो नव्हतो. म्हणजे पहिल्या स्पर्धेत ज्या कपच्या फायनलला तो ज्या पाकिस्तानकडून हरला होता (प्रश्न ८), तोच कप त्याच पाकिस्तानला हरवून चौदा वर्षांनी कॅप्टन म्हणून उचलला.

१८. एकूण गोल किती? कुठे १७० लिहिलंय, कुठे आणखी काही.

अधिकृत आकडा असा नाहीच, कारण फेडरेशनने त्या काळात गोलांची नोंदच ठेवली नाही. १७० पेक्षा जास्त हा जो आकडा फिरतो तो स्वतः धनराज आणि आकडेवारी ठेवणाऱ्या जाणकारांच्या मोजणीवरून आलेला आहे. क्रिकेटमध्ये रणजीची प्रत्येक रन लिहिलेली सापडते आणि इथे देशाच्या कॅप्टनचे गोल कोणी लिहून ठेवले नाहीत. मला याचं फार वाईट वाटतं. परीक्षेत विचारलं तर मॅच ३३९ लिहा, गोलाचा ठाम आकडा देऊ नका.

१९. ३३९ मॅच म्हणजे भारतासाठी रेकॉर्ड आहे का?

आता नाही. दिलीप तिर्की नंतर ४०० च्या पुढे गेला.

२०. परदेशात पण खेळला का?

भरपूर. लंडनचं इंडियन जिमखाना, फ्रान्समध्ये लियॉन, जर्मनीत स्टुटगार्ट किकर्स, मलेशियात बँक सिम्पानन आणि टेलिकॉम मलेशिया, हाँगकाँगचा खालसा क्लब, ढाक्याचा अबाहानी. मलेशिया आणि बांगलादेशात तर त्याला बघायला गर्दी व्हायची. आपल्याकडे प्रीमियर हॉकी लीग निघाली तेव्हा मराठा वॉरियर्सकडून खेळला, आणि २०१२ ला वर्ल्ड सिरीज हॉकीत कर्नाटक लायन्सकडून, तेव्हा वय ४३. त्यातही दोन गोल केले.

२१. अथेन्सला खेळवलंच नाही असं ऐकलं?

टीममध्ये होता, पण मैदानावर फारच कमी वेळ मिळाला. कोच जर्मन, गेरहार्ड राख, स्पर्धेच्या अगदी तोंडावर आणलेले. ३६ व्या वर्षी चौथं ऑलिम्पिक खेळायला आलेला माणूस बेंचवर टॉवेल घेऊन बसलेला, कॅमेरा सारखा त्याच्यावर जायचा. वयाचा हिशोब कोचने केला असेल, तो चूकच होता असं मी म्हणणार नाही, पण निरोप असा द्यायचा नसतो. त्याच स्पर्धेनंतर, ऑगस्ट २००४ ला त्याची कारकीर्द संपली. जाता जाता, त्या टीममध्ये मुंबईचे विरेन रस्किन्हा आणि एड्रियन डिसोझाही होते.

२२. कुठले पुरस्कार मिळाले? खेलरत्नचं नाव काय लिहायचं, राजीव गांधी की ध्यानचंद?

१९९५ ला अर्जुन, १९९९-२००० चा खेलरत्न, नंतर पद्मश्री. खेलरत्न मिळालेला तो पहिला हॉकीपटू. तेव्हा पुरस्काराचं नाव राजीव गांधी खेलरत्न होतं, २०२१ ला ते बदलून मेजर ध्यानचंद खेलरत्न केलं. त्यामुळे धनराजच्या बाबतीत लिहिताना जुनं नाव लिहून कंसात "आताचा ध्यानचंद खेलरत्न" टाकलं की वाद मिटतो.

२३. फार तापट होता म्हणे?

होता. लगेच चिडायचा, लगेच रडायचा, मनात आलेलं माइकसमोर बोलून मोकळा व्हायचा. अंपायरशी वाद, अधिकाऱ्यांशी वाद. त्याचं नुकसानही झालं त्यामुळे, ते प्रश्न १४ मध्ये आलंय. पण त्याच्याबद्दल एक तक्रार मी कधी ऐकली नाही, की हा मॅचमध्ये कमी पळाला.

२४. निवृत्तीनंतर काय करतो?

हॉकीतच आहे. एअर इंडियाच्या स्पोर्ट्सचं काम बघितलं, गुजरातमध्ये सरकारी हॉकी अकादमीत पोरं घडवली. २००८ ला भारत पहिल्यांदाच ऑलिम्पिकला पात्र ठरला नाही (तेव्हा कोच होते ते कार्व्हालो, धनराजला घडवणारे, प्रश्न ७ बघा), मग जुनी फेडरेशन निलंबित झाली आणि कारभार बघायला पाच जणांची समिती नेमली. अस्लम शेर खान, अजितपाल सिंग, अशोक कुमार, झफर इक्बाल आणि पाचवा धनराज. त्या यादीत तोच सगळ्यात लहान.

२५. ध्यानचंद मोठे की धनराज?

ही तुलना करू नका. ध्यानचंदांची तीन ऑलिम्पिक गोल्ड, १९२८, १९३२, १९३६, तो काळ, ते गवत, ती टीम सगळंच वेगळं. धनराजला स्वतःलाही हे आवडणार नाही.

२६. मी त्याला खेळताना कधी बघितलंच नाही. जुने व्हिडिओ मिळाले तर काय बघू?

गोल बघू नका, म्हणजे आधी बघू नका. व्हिडिओ जुने आणि धूसर आहेत, बॉल नीट दिसत नाही. त्यापेक्षा बॉल आपल्या हाफमध्ये असेल तेव्हा धनराज कुठे आहे ते शोधा, लांब केसांवरून लगेच सापडेल. तो चालत असेल, अगदी कंटाळल्यासारखा. मग हाफलाइनवरून कोणीतरी त्याच्याकडे पास सोडेल. बॉल पोचायच्या आधीच त्याची पाठ वाकलेली असते, स्टिक जमिनीला लागलेली, डावा खांदा पुढे, आणि बॉल घेऊन थांबणं, वळणं, मग पळणं असे तीन तुकडे दिसतच नाहीत, एकच हालचाल दिसते. तेव्हा व्हिडिओ थांबवा आणि समोरच्या डिफेंडरचे पाय बघा. बहुतेक वेळा तो आधीच मागे सरकायला लागलेला असतो.